काळ्या मातीवरची चाके : यवतमाळच्या आडवाटांवरील वाहनांचा इतिहास

यवतमाळ जिल्ह्याची दुर्गमता ऋतूप्रमाणे बदलते. दिवाळीनंतर जमीन वाळली की शेतांमधल्या ज्या पांदणीतून कापसाने भरलेली बंडी खडखडत जाते, त्याच पांदणीत आषाढात बैलांचे पाय गुडघ्यापर्यंत रुततात आणि माणूस चपला हातात घेऊन चालतो. वाळवंटात वर्षभर वाळूच असते, त्यामुळे वाहन एकदा वाळूसाठी तयार केले की बरेचसे काम भागते. यवतमाळच्या आडवाटांवरच्या वाहनाची मात्र एकाच वर्षात तीन जमिनींशी गाठ पडते : उन्हाळ्यातली भेगाळलेली, पावसाळ्यातली चिकट आणि या दोहोंच्या मधली वाफशावरची. लमाणांच्या लादणीच्या बैलांपासून जीपपर्यंत जी जी साधने इथे आली, त्यांपैकी कोणती टिकली आणि कोणती डांबरापुरती उरली, हे मुख्यतः या तीन जमिनींनी ठरवले.

जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १३,५८२ चौरस किलोमीटर आहे. उत्तरेला आणि पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा, आणि मधे डोंगरांच्या रांगा व पठारे. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. अडाण, अरुणावती, पूस, वाघाडी, खुनी या नद्या पैनगंगेकडे उतरतात, तर बेंबळा आणि निरगुडा वर्धेकडे. नकाशावर दोन गावांमधले अंतर दहा किलोमीटर दिसले तरी प्रत्यक्षात मधे चार नाले आडवे येतात, आणि प्रत्येक नाल्याला उतार, पात्र आणि चढ अशा तीन अडचणी असतात. वाट शोधणे म्हणजे इथे नाल्याचा उतार शोधणे. जुनी गावे, जुने बाजार आणि जुने रस्ते पाहिले तर ते बहुतेक अशा सोयीच्या उतारांना धरून बसलेले दिसतात.

माती हा दुसरा घटक, आणि वाहनाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा. बेसाल्ट खडक झिजून तयार झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. पाणी मिळाले की ती फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून चैत्र-वैशाखात शेतात खोल भेगा पडतात आणि पहिल्या जोरदार पावसानंतर त्या मिटून जमीन लोण्यासारखी होते. अशा चिखलात चाक नुसते रुतून थांबत नाही. ते फिरताना माती उचलते, आऱ्यांमध्ये माती भरते आणि काही वेळाने चाकाच्या जागी मातीचे भरीव चक्रच फिरू लागते. रबरी टायर असेल तर त्याच्या खाचा भरून तो गुळगुळीत होतो आणि गाडी जागच्या जागी घसरते. डोंगरउतारावरच्या बरड, मुरमाड जमिनीत हा त्रास नाही. त्यामुळे पावसाळ्यात उंचावरची लांबची वाट सखल भागातल्या जवळच्या वाटेपेक्षा लवकर नेते. गाडीवान हे पिढ्यान्‌पिढ्या जाणत आले आहेत.

वाळवंटातल्या वाहनांशी तुलना केली तर फरक नेमका कळतो. १९२२च्या डिसेंबरात सित्रोएन कंपनीच्या गाड्या सहारा ओलांडायला निघाल्या तेव्हा त्यांच्या मागच्या चाकांऐवजी रबरी पट्टे बसवलेले होते. तुगूर्तहून निघून त्या जानेवारी १९२३मध्ये टिंबक्टूला पोचल्या. ब्रिटिश लष्करी अधिकारी राल्फ बॅगनोल्ड याने १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड मोटारी नेल्या. टायरमधली हवा कमी करून ते पसरट करणे, रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पन्हळी घालणे आणि रेडिएटरमधून उडणारी वाफ डब्यात थंड करून पाणी वाचवणे या युक्त्या त्याने रूढ केल्या. १९४० साली याच अनुभवावर त्याने लांब पल्ल्याची वाळवंटी टेहळणी तुकडी उभी केली. वाळूत भार जितका पसरेल तितके बरे. ओल्या काळ्या मातीत गणित बऱ्याचदा उलटे होते : वरचा थर निसरडा आणि खालचा कडक असल्यामुळे उंच, अरुंद चाक चिखल कापून खालच्या कडक थरावर टेकते. वऱ्हाडातल्या बंडीचे चाक उंच आणि अरुंद आहे, त्याचे मोठे कारण हेच.

चाकांच्या आधी मात्र बैलाची पाठ होती. वऱ्हाडातून दूरवर होणारी मालाची ने-आण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठ्या प्रमाणात बंजाऱ्यांच्या, म्हणजे लमाणांच्या, हाती होती. धान्य, मीठ, कापूस हे त्यांच्या लादणीचे मुख्य जिन्नस. बैलाच्या दोन्ही अंगांना गोणी टाकून शेकडो, कधी हजारो बैलांचा तांडा नायकाच्या हुकमतीखाली चाले. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे वाटेत पाहिल्याचे लिहिले आहे. असा तांडा समोरून आला की गाड्यांना तो संपेपर्यंत दोन-तीन दिवस खोळंबावे लागे. लादलेल्या बैलाला रस्ता लागत नाही. पायवाट असली, नाल्याला जरा उतार असला, रात्री चरायला रान असले की पुरे. यवतमाळच्या डोंगरपट्ट्यात हे तिन्ही भरपूर होते. पुसद, दिग्रस, आर्णी, महागाव या भागांत आज बंजारा वस्ती दाट आहे.

कापसाचा जुना दूरचा मार्ग पाहिला तर या वाहतुकीची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही दिसतात. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडातला कापूस बैलांच्या पाठीवरून पाचशे मैलांहून अधिक दूर गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई आणि तिथून नावांनी बंगालकडे. वाटेत धूळ, पाऊस आणि रोजची चढउतार यांनी मालाची प्रत घसरे. पावसाळ्यात तर वाहतूक जवळजवळ बंदच. तरीही दुसरे काहीच नव्हते, म्हणून हा मार्ग टिकला.

तोफा आणि लष्करी गाडे या प्रदेशातून नेणे किती अवघड होते, याचा पुरावा १८१८ साली मिळाला. इंग्रजांपासून निसटत चाललेल्या दुसऱ्या बाजीरावाला चांद्याकडे जाऊन नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांना गाठायचे होते. वर्धेचे उतार इंग्रजी फौजांनी अडवल्यामुळे तो पांढरकवड्याच्या परिसरात कोंडला गेला. १७ एप्रिल १८१८ रोजी शिवणीजवळ कर्नल ॲडम्सच्या फौजेने त्याच्या सैन्याचा मोड केला आणि उरल्यासुरल्या तोफाही तिथेच गेल्या. महिना एप्रिलचा होता, म्हणजे जमीन कोरडी आणि वाटा वर्षातल्या उत्तम अवस्थेत होत्या. तरी घोडेस्वार निसटू शकले आणि चाकांवरचे सामान मागे राहिले. जंगल आणि नाल्यांच्या मुलखात चाक ही सोय असते तसा बोजाही असतो.

पांढरकवड्यावरून जाणारी नागपूर-हैदराबाद वाट तेव्हाही या भागातला मुख्य राजमार्ग होती. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घालणारा विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. हिंगणघाट हे वर्धेच्या पलीकडचे, याच दिशेचे ठाणे. आजचा राष्ट्रीय महामार्ग ४४ वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी असा जाऊन पैनगंगा ओलांडतो आणि साधारण हीच जुनी दिशा धरतो.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. १८६४ साली आग्नेय वऱ्हाडचा स्वतंत्र जिल्हा झाला. पुढे तो वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला, तरी मुख्य ठाणे यवतमाळ होते. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. १९०५ साली वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका इकडे आला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. वाटांच्या इतिहासात या फेरफारांपेक्षा जमीनमोजणी अधिक मोलाची ठरली. १८६०च्या दशकात मुंबई पद्धतीची मोजणी वऱ्हाडात सुरू झाली आणि गावोगावचे नकाशे तयार होऊ लागले. गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवतात. गाडीमार्गाची रुंदी साधारण साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरली जाते. पांदणीवरून होणाऱ्या आजच्या बहुतेक भांडणांत तहसीलदारासमोर हाच नकाशा उघडतात. कागदावर पांदण रुंद असते, जागेवर दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांनी ती खाल्लेली असते.

इंग्रजी अंमलदारांचे दौरे हिवाळ्यात होत. नोव्हेंबर ते मार्च या काळात तंबू, दप्तर आणि स्वयंपाकाचे सामान बैलगाड्यांवर लादून साहेब घोड्यावरून गावे पाहत फिरे. साहजिकच दप्तरात उतरलेला जिल्हा बहुतांशी कोरड्या दिवसांतला आहे. पावसाळ्यात तुटणाऱ्या गावांची नोंद त्यात फार थोडी सापडते, आणि पुढे रस्त्यांच्या योजना आखल्या गेल्या त्या अशाच कागदांवरून. आडगावांच्या वाट्याला उशीर आला त्यात पैशाच्या टंचाईइतकाच या कोरड्या नजरेचाही हात असावा.

कापसाने चाकांना महत्त्व दिले. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडातल्या कापसाचे भाव चढले. त्याच सुमारास मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाडातून पुढे सरकत १८६७ साली नागपूरला पोचली. ही लोहमार्गाची रेघ यवतमाळच्या उत्तरेकडून गेली; जिल्ह्याला जवळचे मोठे स्टेशन धामणगाव, तेही अमरावती जिल्ह्यात. त्यामुळे यवतमाळ ते धामणगाव हा सुमारे २९ मैलांचा खडीचा रस्ता जिल्ह्याचा कणा बनला. पक्के रस्ते आधी झाले ते कापूस बाहेर नेण्यासाठी. एका गावातून दुसऱ्या गावात जाण्याची सोय त्यात दुय्यम होती. नकाशा पाहिला की हे अजूनही जाणवते. तालुक्याच्या ठिकाणाहून जिनिंगच्या आणि स्टेशनच्या गावाकडे सरळ रस्ता आहे, पण शेजारशेजारच्या दोन खोऱ्यांना जोडणारा रस्ता वळसे घेतो, किंवा नसतोच.

रेल्वे आल्यावर लांबच्या लादणीचा धंदा वेगाने बसला. तांडे स्थिर होऊ लागले, बैल लादणीऐवजी नांगराला लागले. पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या तांड्यात १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक यांचा जन्म झाला, तेव्हा ही स्थिरता बरीच पक्की झाली होती. शेतापासून जिनिंगपर्यंतचा, म्हणजे पाच-पन्नास किलोमीटरचा प्रवास आता बंडीकडे आला.

या प्रदेशात गाडीचे प्रकार कामाप्रमाणे ठरत. माल वाहायला बंडी, माणसांना लवकर जायला हलकी रेंगी, बायकामुलांना वर टप असलेली दमणी, आणि शर्यतीला अगदी हलकी छकडी. सुताराने बाभळीच्या किंवा सागाच्या लाकडाचे तुंबा, आरे आणि पुठे जोडून चाक करायचे आणि लोहाराने तापवलेली लोखंडी धाव त्यावर चढवायची. लाल झालेली धाव बसवून वर पाणी ओतले की ती आकसते आणि सारे सांधे आवळले जातात. उन्हाळ्यात लाकूड वाळून धाव सैल होते, म्हणून चाक नाल्यातल्या पाण्यात भिजत ठेवण्याची रीत होती. आखाला वंगण, सोबत दोर आणि कुऱ्हाड, एवढे असले की गाडीवान रात्रीअपरात्री निघे. गाडी फसली तर चाकाखाली दगड आणि फांद्या घालायच्या, माल अर्धा उतरवायचा आणि पुढे दुसरी बैलजोडी जुंपायची. हीच तऱ्हा पुढे जीपच्या ड्रायव्हरनेही उचलली. अनेक जीपा शेवटी बैलांनीच बाहेर काढल्या.

पांदणीच्या जमिनीवर बंडीने केलेला परिणाम मात्र वाईटच. लोखंडी धाव वर्षानुवर्षे त्याच चाकोरीतून गेली की चाकोरी खोल होते, माती भुगा होऊन पावसात वाहून जाते आणि पांदण दोन्ही बाजूंच्या शेतांपेक्षा खाली जाते. मग ती वाट न राहता नालाच बनते. विसाव्या शतकात रबरी टायरच्या गाड्या आल्या, ज्यांना लोक सरळ डनलॉप म्हणतात. कोरड्या रस्त्यावर त्या कमी श्रमात जास्त माल वाहत आणि चाकोरी कमी पाडत. चिखलात मात्र लाकडी चाकाची बंडीच बरी, असे म्हणणारे शेतकरी बरीच वर्षे होते आणि त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. १९७२ साली राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना आली तेव्हा खरेदी केंद्रांपुढे लागलेल्या लांबलचक रांगांमध्ये दोन्ही प्रकारच्या गाड्या उभ्या असत.

मधल्या काळात रेल्वे जिल्ह्याच्या आतही आली, पण अरुंद रुळांवरून. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने १९१० साली उभ्या केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने मूर्तिजापूर ते यवतमाळ हा सुमारे ११३ किलोमीटरचा मार्ग कारंजा, दारव्हा असा बांधला. रुळांमधले अंतर फक्त ७६२ मिलिमीटर. यावरची गाडी पुढे शकुंतला म्हणून प्रसिद्ध झाली. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४पर्यंत धावले आणि मग डिझेल इंजिन आले. स्वातंत्र्यानंतरही मार्गाची मालकी कंपनीकडे राहिली, हा देशातला विरळा प्रकार. गाडीचा वेग इतका कमी की आडवाटेच्या वाहनांच्या इतिहासात तिला जागा द्यायला हरकत नाही. पण तिच्या रुळांची दिशाही कापसाचीच होती. पैनगंगेकाठचे जंगल, कोलाम आदिवासींची पोडे म्हणजे वस्त्या, उमरखेडचा अभयारण्यालगतचा बंदीभाग यांना तिचा उपयोग नव्हता.

जीप या भागात आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकेतल्या विलिस आणि फोर्ड या कारखान्यांनी युद्धकाळात सुमारे साडेसहा लाख जीपा बनवल्या. जवळजवळ टनभर वजन, पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये दोन मीटरच्या आसपास अंतर, साठ अश्वशक्तीचे इंजिन आणि चारही चाकांना जोर. साध्या मोटारीत फक्त दोन चाके गाडी ढकलतात; ती दोन घसरली की गाडी संपली. जीपमध्ये दुसरा एक दांडा ओढला की पुढची चाकेही कामाला लागतात, आणि खालचा गिअर टाकला की वेग घटून जोर वाढतो. नाल्याचा चढ चढायला हाच जोर हवा असतो. १९४५ साली स्थापन झालेल्या आणि १९४८ साली महिंद्र अँड महिंद्र हे नाव घेतलेल्या कंपनीने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलिस जीपची जुळणी सुरू केली. देशी जीपचा वंश तिथून सुरू होतो.

यवतमाळच्या खेड्यांत जीप दिसू लागली ती मुख्यतः सरकारी कामाने. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गटविकास अधिकारी हे नवे पद आले. त्याच्याकडे शंभराच्या आसपास गावे आणि फिरायला जीप. १९५३चा हिवताप नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८चा निर्मूलन कार्यक्रम यांत डीडीटीचे पंप आणि फवारणी करणारी माणसे गावोगाव न्यावी लागली. निवडणुकीच्या पेट्या, लसी, खताची नमुना पोती, सिनेमाचे यंत्र, सगळे जीपमधून येई. गावात जीप शिरली की कोणत्या खात्याची हे आधी विचारले जाई. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदांची रचना ज्या समितीने सुचवली तिचे अध्यक्ष वसंतराव नाईकच होते. तिच्या अहवालानुसार १९६१चा कायदा झाला आणि १ मे १९६२पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. गटविकास अधिकाऱ्याची जीप त्या रचनेत पंचायत समितीच्या दारात उभी राहिली. साहेबाचा घोडा जाऊन जीप आली, आणि दौऱ्याचे दिवस वाढले. पण वाढले ते किती? जून ते सप्टेंबर या महिन्यांत सरकारी जीपही खडीचा रस्ता सोडायला सहसा तयार नसे.

याच जीपने जंगलाचे मोठे नुकसानही केले. युद्धानंतर मध्य भारतात जीप आणि झोतदिवा घेऊन रात्री शिकार करणे वाढले. पूर्वी शिकाऱ्याला मचाण बांधावे लागे, पायी माग काढावा लागे. आता शेताच्या कडेने गाडी हाकत दिव्यात डोळे चमकले की बंदूक झाडायची. काळवीट, चितळ, सांबर, रोही यांची संख्या यामुळे फार घटली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाहनातून शिकार करण्यावर बंदी घातली, त्यामागे हा अनुभव होता.

१९७२च्या दुष्काळात रस्त्यांच्या इतिहासाला वळण मिळाले. नाईक मुख्यमंत्री असताना वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला. दुष्काळी कामांवर हजारो हातांनी गिट्टी फोडली, मुरूम पसरला, नाल्यांवर रपटे बांधले. रपटा हा पुलाचा स्वस्त भाऊ : पाणी कमी असेपर्यंत त्यावरून गाडी जाते, पूर आला की पाणी त्याच्यावरून जाते. जिल्ह्यातल्या कितीतरी गावांचा पावसाळ्यातला संपर्क आजही अशा एका रपट्यावर अवलंबून आहे.

रस्ते कच्चे का होईना पण झाले, आणि १९८० नंतर खासगी जीप गावात आली. एसटी याआधीच आली होती, पण तिला नेमलेली वेळ आणि बरा रस्ता लागे. ही उणीव भाड्याच्या जीपने, म्हणजे काळीपिवळीने, भरून काढली. डिझेल इंजिनांमुळे हे परवडू लागले. महिंद्रच्या काही जीपांमधले इंजिन त्यांच्या ट्रॅक्टरच्या इंजिनावरूनच विकसित केलेले होते. त्यामुळे तालुक्याच्या गावात ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री जीपही उघडू शके आणि सुटा भाग मिळवायला नागपूर गाठावे लागत नसे. टेंपो ट्रॅक्स आणि पुढे कमांडर, मार्शल, मॅक्स, क्रूझर अशा लांब गाड्या आल्या. मागे दोन समोरासमोर बाकडी, वर टपावर पोती आणि कोंबड्यांच्या टोपल्या, मागच्या पायरीवर लोंबकळणारी पोरे. घाटंजी, मुकुटबन, पाटणबोरीच्या बाजाराच्या दिवशी सीट भरल्याशिवाय गाडी हलत नसे, आणि सीट भरली म्हणजे नेमके किती, हे ड्रायव्हर ठरवे. गंमत अशी की जीपच्या नावाने चालणाऱ्या या बहुतेक गाड्यांना मागच्या दोनच चाकांचा जोर होता. चार चाकांचा गिअर महाग, डिझेल जास्त खाणारा, दुरुस्तीला किचकट. धंद्यात तो परवडत नसे. म्हणून पावसात काळीपिवळी फाट्यापर्यंत येई आणि पुढची वाट पायी. रुग्ण असला तर त्याला खाटेवर घालून फाट्याला आणत.

खऱ्या अर्थाने चिखल जिंकला तो ट्रॅक्टरने. मागची उंच चाके, त्यांवरच्या जाड तिरप्या कडा आणि मंद गतीतला प्रचंड जोर यांमुळे काळ्या मातीत तो जातो तिथे जीप जात नाही. ट्रॉली जोडली की तो मालगाडी, एसटी आणि रुग्णवाहिका तिन्ही होतो. फक्त पांदणीची जी काही जमीन बंडीने शिल्लक ठेवली होती ती तो एका पावसाळ्यात उखडतो, आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या चाकोऱ्यांत उतरावे लागते.

वणी तालुक्यात आडरानात चालणाऱ्या वाहनांची निराळीच जात आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उकणी, निलजई, मुंगोली, कोलारपिंपरी, घोन्सा अशा उघड्या खाणींत फिरणारे प्रचंड डंपर सार्वजनिक रस्त्यासाठी बनलेलेच नसतात. ते माती आणि कोळसा खाणीच्या खड्ड्यातून वर आणतात. तिथला चिखल काळ्या मातीचा आणि कोळशाच्या भुकटीचा मिळून होतो, पण रस्ते दुरुस्त करणारी यंत्रे सतत मागे असल्यामुळे वाहतूक पावसातही चालते. पैसा असला तर काळी माती हा अडथळा राहत नाही, हे वणीच्या खाणींइतके जिल्ह्यात दुसरीकडे दिसत नाही.

हौसेखातर आडवाटेने फिरणे इथे अलीकडे आले, आणि तेही अभयारण्यामुळे. घाटंजी आणि पांढरकवडा परिसरातले टिपेश्वर १९९७ साली अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर आहे. २०१९ साली इथून निघालेला, गळ्यात रेडिओ पट्टा असलेला तरुण वाघ सुमारे तेराशे किलोमीटर भटकून डिसेंबरात बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला आणि टिपेश्वरचे नाव देशभर झाले. त्याआधी २०१८ साली राळेगाव आणि पांढरकवड्याच्या झुडपी रानात टी-१ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाघिणीचा शोध महिनोन्‌महिने चालला होता, तेव्हा कॅमेरे, हत्ती, कुत्री अशी सारी साधने वापरून पाहावी लागली. नाले आणि दाट झुडपे यांत गाड्या थोड्याच अंतरापर्यंत उपयोगी पडत. अखेर २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ ती मारली गेली. त्या कारवाईवर झालेला वाद वेगळा. आडरानात वाहनाची मर्यादा किती, एवढे त्यातून दिसले.

टिपेश्वरच्या सुन्ना आणि माथनी प्रवेशद्वारांतून जाणाऱ्या उघड्या जिप्सी बहुतेक जुन्या आहेत. मारुतीची जिप्सी १९८५ साली बाजारात आली आणि २०१९च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. हलके वजन, लहान पेट्रोल इंजिन आणि चार चाकांचा जोर यांमुळे जंगलात तिची जागा घेणारी गाडी पटकन मिळाली नाही. अभयारण्याच्या आतले रस्ते मुरमाचेच ठेवलेले आहेत, आणि पावसाळ्यात पर्यटन बंद असते.

वस्तीच्या वाटांचा प्रश्न याहून अवघड आहे. १९४३ साली नागपूरला भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने देशाच्या रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्राम अशी प्रतवारी केली, आणि त्यात ग्रामरस्ता शेवटी होता. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने पाचशेहून अधिक, तर आदिवासी व डोंगरी भागांत अडीचशेहून अधिक लोकवस्तीच्या वाड्या डांबराला जोडायचे ठरवले. झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांतल्या कोलामांच्या पोडांत पुष्कळदा वीस-पंचवीसच घरे असतात. अशी पोडे या निकषात बसली नाहीत. नोव्हेंबर २०२३मध्ये अतिमागास आदिवासी गटांसाठी आलेल्या पीएम-जनमन योजनेत ही मर्यादा शंभर लोकवस्तीवर आणली गेली. महाराष्ट्रात कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम हे तीन गट त्यात येतात.

शेतातल्या वाटांसाठी राज्य सरकारने २०२१ साली मातोश्रींच्या नावाने पांदण रस्ते योजना काढली. तिच्यात अतिक्रमण हटवणे, मातीकाम आणि मजबुतीकरण अशी कामे येतात. उमरखेड तालुक्यातल्या बिटरगाव, जेवली, मोरचंडी परिसरातला बंदीभाग पैनगंगा अभयारण्यात आणि त्याच्या भोवती पसरलेला आहे. तिथे रस्ता रुंद करायचा किंवा डांबरी करायचा तर १९८०च्या वनसंवर्धन कायद्याखालची आणि वन्यजीव विभागाची परवानगी लागते, आणि कामे वर्षानुवर्षे रेंगाळतात. फेब्रुवारी २०२४मध्ये वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा सुरू झाला. मूर्तिजापूरकडची अरुंद गाडी त्याआधीच बंद पडली होती. बंदीभागात मात्र पावसाळ्यात रेशनची पोती ट्रॅक्टरवरून जातात, आणि ट्रॅक्टर जिथे थांबतो तिथून पुढे बंडीवरून.